धर्माच्या वादात बसताना

माझी सगळी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात गेली आणि त्याच्या जोडीने तालुक्याच्या ग्रंथालयात दर महिन्याला एक चर्चासभा भरवत आले. विषय काहीही जाहीर केलेला असो, महाडचा सत्याग्रह असो की जादूटोणाविरोधी कायदा, थोड्याच वेळात सभेत तोच प्रश्न उभा राहतो: धर्म बाजूला ठेवला तर नीती कशाच्या आधारावर उभी राहणार? आणि धर्म मध्ये आणला तर ज्याचा तो धर्म नाही त्याने काय करायचे? या प्रश्नावर माणसे उठून गेलेली, जुने मित्र अबोल झालेले आणि एरवी न बोलणारी माणसे पहिल्यांदा बोललेली मी पाहिली आहेत. त्यातून जे हाती लागले ते आकडे घालून लिहिते आहे. क्रमाला फारसा अर्थ नाही, पहिला मुद्दा मात्र मुद्दाम पहिला ठेवला आहे.

१. ज्याच्या जिवावर बेतले आहे, त्याचे नाव आधी घ्यावे.

संमतिवयाच्या कायद्यावरची चर्चा आमच्याकडे नेहमी टिळक विरुद्ध आगरकर अशीच सुरू होते. मी ती कलकत्त्यापासून सुरू करते. फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी. पस्तिशीच्या नवऱ्याने केलेल्या संभोगात रक्तस्राव होऊन ती गेली. १८९० साली नवऱ्यावर खटला झाला; पण तेव्हाच्या कायद्यात लग्नाच्या बायकोच्या बाबतीत वयाची मर्यादा दहा वर्षांची होती, त्यामुळे बलात्काराचा गुन्हा लागूच होत नव्हता. त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. त्यानंतर १८९१ च्या मार्चमध्ये ही मर्यादा दहावरून बारावर नेणारा कायदा झाला. बदल एवढाच होता, दोन वर्षांचा.

या दोन वर्षांवर पुण्या-मुंबईत सभा झाल्या, प्रतिसभा झाल्या, सभा उधळल्याही गेल्या. गर्भाधानाचा संस्कार पहिल्या ऋतुदर्शनानंतर लगेच व्हायलाच हवा का, यावर शास्त्रवचनांचे ढीग पडले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्राच्याच आधाराने कायद्याला अनुकूल असे लिहिले, टिळकांनी शास्त्राच्याच आधाराने त्यांना उत्तर दिले. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, हा टिळकांचा दुसरा मुद्दा. तो मी वर्गातही पूर्ण ताकदीने मांडत असे, कारण तो पोकळ नाही. मुलींचे लग्न सोळाच्या आत करू नये, मुलांचे विसाच्या आत करू नये आणि हे सुधारकांनी आधी स्वतःवर बंधनकारक करून घ्यावे, असा प्रस्ताव टिळकांनीच १८९० साली मांडला होता, हेही सांगितले पाहिजे.

एवढे सगळे सांगून झाल्यावर मी सभेला एकच विचारते: या सगळ्या कागदांत फुलमणी कुठे आहे? बहुतेक कागदांत ती नाही. राष्ट्र आहे, सरकार आहे, स्मृती आहेत, संस्कार आहेत. मेलेली मुलगी नाही. ज्या वादातून ती गळते, तो वाद कितीही विद्वत्तेचा असला तरी नीतीचा राहत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. म्हणून हल्ली कोणताही विषय निघाला की मी फळ्यावर पहिल्यांदा माणूस लिहिते, मग ग्रंथ, मग कलम.

आणि तो माणूस स्वतः बोलला असेल तर त्याचे शब्द आधी वाचावेत. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. नवऱ्याने नांदायला येण्यासाठी कोर्टात ओढले, तेव्हा १८८५ मध्ये त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त निनावी पत्रे लिहून बालविवाहाने मुलीचे शिक्षण आणि आयुष्य कसे खुंटते ते मांडले. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितले की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी पैसे देऊन तडजोड झाली, त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षे रुग्णसेवा केली. शास्त्र काय म्हणते यावर भांडणाऱ्या कितीतरी मंडळींपेक्षा या बाईच्या एका पत्रात मला जास्त नीती दिसते.

२. 'तेव्हाचा काळच तसा होता' हे उत्तर तपासून घ्यावे.

हे वाक्य प्रत्येक सभेत येते, आणि बहुतेक वेळा चांगल्या मनाने येते. पूर्वजांना आजच्या मापाने मोजू नये, हे खरेच आहे. पण काळ हा एकाच माणसाचा नसतो. १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने 'ज्ञानोदया'त निबंध लिहून विचारले की वेद वाचण्याचाही अधिकार नसलेल्या आम्हा लोकांचा धर्म तरी कोणता? तीही त्याच काळातली. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेही त्याच काळातले. १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्यातच राहत होत्या, दुसऱ्या कुठल्या शतकात नव्हे.

तेव्हा कोणी 'काळ तसा होता' म्हणाले की मी विचारते, तुम्ही कोणाचा काळ सांगताय? मुक्तेचा की तिला शिकू न देणाऱ्यांचा? प्रश्नात चढा सूर नसला, तर समोरचा बहुधा विचारात पडतो.

३. देव मानणे आणि न मानणे, या रेषेवर नीतीची वाटणी होत नाही.

आस्तिक मंडळींना वाटते की नास्तिकाला चांगले वागायचे कारणच उरत नाही. नास्तिक मंडळींना वाटते की श्रद्धाळू माणसाने विवेक गहाण टाकलेला असतो. दोन्ही समज आपल्याच इतिहासापुढे टिकत नाहीत.

जोतीराव फुले निर्मिक मानत. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एका कुटुंबाची कल्पना आहे: बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी महंमदी, मुलगा सत्यधर्मी आणि सगळे एका घरात प्रेमाने राहतात. हे लिहिणारा माणूस निरीश्वरवादी नव्हता. आगरकर देवाच्या अस्तित्वाबद्दल अज्ञेयवादी होते, आणि पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. साने गुरुजी तर पंढरीच्या विठोबाचे भक्त. त्या भक्तीपोटीच मे १९४७ मध्ये ते पंढरपुरात दहा दिवस उपाशी राहिले आणि हरिजनांना मंदिर उघडले गेले. र. धों. कर्वे निरीश्वरवादी, 'समाजस्वास्थ्य' काढून संततिनियमनाचा प्रसार करणारे. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. बाबासाहेबांना तर धर्माची गरज वाटत होती. येवल्यात १९३५ मध्ये केलेली घोषणा त्यांनी १९५६ मध्ये नागपूरला पुरी केली, पण धर्म सोडून नव्हे, धम्म स्वीकारून.

आणखी एक उदाहरण सांगायला मला आवडते. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून येऊनही उघड नास्तिक म्हणून चार्ल्स ब्रॅडलॉ यांना शपथेच्या प्रश्नावरून वर्षानुवर्षे सभागृहाबाहेर ठेवले गेले. हेच ब्रॅडलॉ १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले, तेव्हा देवपूजा करून घराबाहेर पडणाऱ्या शेकडो प्रतिनिधींनी त्यांचे मनापासून स्वागत केले. हिंदुस्थानची बाजू ते पार्लमेंटमध्ये मांडत होते, एवढे त्यांना पुरेसे होते.

४. शास्त्राला शास्त्राने उत्तर द्यावे, पण निवाडा शास्त्रावर सोपवू नये.

आमच्या जिल्ह्यातल्या वाईने ही परंपरा जपली. प्राज्ञपाठशाळेत तयार झालेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी अस्पृश्यतेला शास्त्राचा भक्कम आधार नाही, हे दाखवण्याच्या कामात गांधीजींना साथ दिली. १९३३ मध्ये देवदास गांधी आणि लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात त्यांनीच लावला. पुढे हेच तर्कतीर्थ हिंदुधर्माची कठोर समीक्षा करणारे झाले. ग्रंथ आतून माहीत असलेल्या माणसाच्या बोलण्याला गावात वजन असते, हे मी अनुभवले आहे. जुन्या वळणाच्या श्रोत्यापुढे मी पहिल्यांदा ज्ञानेश्वर, तुकाराम, चोखामेळा यांच्याच वाटेने जाते. तो श्रोता माझा आहे, त्याची भाषाही माझी आहे.

पण या वाटेला एक धोका आहे. उद्या कोणी दहा उलटी वचने काढून दाखवली तर? ती निघतातच. मग अन्याय योग्य ठरेल का? बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या न झालेल्या भाषणात नियम आणि तत्त्व यांत फरक केला आहे. नियम सांगतो अमुक कर, अमुक करू नको. तत्त्व कृतीला तोलण्याचे माप देते आणि जबाबदारी माणसावर टाकते. केवळ नियमांची पोथी असेल तर तो धर्म म्हणवत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे वचनांची लढाई जिंकली तरी मी सभेला थांबू देत नाही. वचन आपल्या बाजूचे नसते, तर आपण काय केले असते, हा प्रश्न विचारल्याशिवाय चर्चा संपवत नाही.

५. विरोध नेहमी धर्माच्याच भाषेत येईल असे नाही.

महाडचे उदाहरण यासाठी फार मोलाचे आहे. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेनेही तो मान्य केला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसे चवदार तळ्याचे पाणी प्यायली. मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. इथपर्यंत भाषा धर्माची होती. पण लढाई कोर्टात गेल्यावर सूर बदलला: तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची जुनी वहिवाट आहे. म्हणजे विटाळाचा शब्द मागे आणि मालकी व वहिवाट पुढे. हायकोर्टाने मार्च १९३७ मध्ये तो दावा फेटाळला. पाण्याच्या ओंजळीला दहा वर्षे लागली.

आजही 'आमचा धर्माला विरोध नाही, पण जागा ट्रस्टची आहे', 'प्रश्न श्रद्धेचा नाही, सोसायटीच्या नियमाचा आहे' अशी वाक्ये ऐकू येतात. तिथे धर्मावर भाषण देऊन उपयोग होत नाही. नियमाची प्रत मागावी, ठरावाची तारीख विचारावी, सर्वांना सारखाच लागू आहे का ते बघावे. महाडच्या सत्याग्रहींच्या बाजूने कोर्टात हेच झाले.

त्याच महाडमध्ये २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मणाने मांडला आणि परिषदेच्या मांडवाला जागा मिळाली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांची. हे मी प्रत्येक वेळी सांगते, कारण जातीवरून माणसाची बाजू ठरवण्याची घाई सगळ्यांनाच असते.

६. कायद्यासाठी द्यायचे कारण सर्वांना तपासता आले पाहिजे.

१७ ऑक्टोबर १९४९ ला संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने करावी अशी सूचना मांडली. हृदयनाथ कुंझरूंसारख्यांनी आक्षेप घेतला: श्रद्धा ज्याची त्याची, ती सर्वांवर का लादायची? मतदान झाले, बाजूने ४१ आणि विरोधात ६८. विरोधात मत देणाऱ्यांत देव मानणारे कमी नव्हते. त्याच संविधानाने मंत्र्याला आणि आमदाराला मात्र मोकळीक ठेवली: ईश्वराला साक्ष ठेवून शपथ घ्या, नाहीतर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा. आपल्याकडच्या धर्मनिरपेक्षतेचा हा मला सर्वांत सुंदर कागद वाटतो. माणसाला देव बरोबर आणायची परवानगी आहे, सर्वांच्या वतीने देवाची सही घ्यायची परवानगी नाही.

जादूटोणाविरोधी कायद्याच्या वेळी ही गोष्ट मला अगदी जवळून दिसली. डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर सकाळी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्या डिसेंबरात कायदा झाला. त्याआधी कित्येक वर्षे हे विधेयक अडून होते, कारण 'आता वारी बंद होणार, कीर्तन बंद होणार, सत्यनारायण घातला तर पोलीस येणार' असे गावोगाव सांगितले गेले होते. आमच्या सभेला एक वयस्कर कीर्तनकार बुवा आले. आल्या आल्याच म्हणाले, "बाई, तुम्ही आमचा टाळ काढून घ्यायला निघालात." मी भाषण केले नाही. कायद्याची प्रत त्यांच्या हातात दिली आणि म्हटले, "बुवा, तुम्हीच वाचा, मोठ्यानं."

त्यांनी चष्मा लावून अनुसूची वाचली. भूत उतरवायच्या नावाखाली दोराने, साखळीने बांधणे, मारहाण करणे. करणी-भानामतीच्या नावाखाली छळ. साप, कुत्रा, विंचू चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे. सापाच्या ओळीवर बुवा थांबले. त्यांच्या पुतण्याला असाच देवळात ठेवला होता आणि तो गेला होता, हे त्यांनी त्या सभेत सांगितले. पुढे ते कलम आले ज्यात वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही असे स्पष्ट लिहिले आहे. बुवांनी तेही वाचले, प्रत घडी घालून खिशात ठेवली आणि पुढच्या एकादशीला कीर्तनात सर्पदंशावर बोलले. दवाखाना गाठा, विठोबा तिथेही असतो, असे त्यांनी त्यांच्या भाषेत सांगितले. कायद्याला देवाचा आधार नव्हता आणि कायद्यात देवाचा विरोधही नव्हता. होती ती फक्त इजा, आणि ती बुवांना तपासता आली, मलाही तपासता आली.

७. 'हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे' असे कोणी म्हणाले, की त्या 'आमचा'मध्ये कोण नाही ते पाहावे.

समाजाला धर्मस्वातंत्र्य आहे, माणसालाही आहे. दोघांची टक्कर झाली की काय? मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या प्रमुखांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. समाजातून काढण्याचा अधिकार हा धर्म सांभाळण्याचाच भाग मानला गेला. मला तो निकाल कधीच पटलेला नाही. जातपंचायतीने वाळीत टाकलेले कुटुंब मी पाहिले आहे. दुकानदार किराणा देत नाही, मयताला खांदेकरी मिळत नाहीत. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुन्हा कायदा केला, याचे मला समाधान आहे.

हमीद दलवाईंची लढाईही याच टकरीतली होती. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी मुंबईत तोंडी तलाकाविरुद्ध मोर्चा काढला, त्यात सात मुस्लिम बायका होत्या. सातच! थट्टा झाली. १९७० मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले, नाव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाची आठवण देणारे. एका दमात तीनदा दिलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवला तो २०१७ मध्ये. त्या सात जणींना 'आमचा'मध्ये धरले असते, तर पन्नास वर्षे लागली नसती. आणि हे दुसऱ्याच्या समाजाकडे बोट दाखवायला वापरणाऱ्याला मी तिथल्या तिथे अडवते. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जायला २०१६ उजाडले, तेही हायकोर्टाने बजावल्यावर.

८. ठराव झाल्यावर घरात काय होते ते जाऊन पाहावे.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने नवरा गेल्यावर बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे बंद करण्याचा ठराव केला. करोनात पुष्कळ तरण्या मुली विधवा झाल्या होत्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही असे करावे म्हणून परिपत्रक काढले. आमच्या गावीही विषय आला. पुरुषांची चर्चा धर्मात हे सांगितले आहे की नाही, या नेहमीच्या वळणावर गेली. तेव्हा मागे बसलेल्या एक आक्का उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "माझ्या बांगड्या दगडानं फोडल्या तवा काच मनगटात घुसली. पाच दिस त्यो हात मी कुणाला दावला न्हाई. शास्त्रात लिवलंय का न्हाई ते तुमी बगा. पर सुनंच्या हातावर दगड घ्यायला मी येनार न्हाई."

ठराव झाला. पण त्यानंतर गावात झालेल्या पहिल्या मयताला त्या घरच्या थोरल्या जाऊबाईंनी बांगड्या फोडल्याच, कारण "लोक काय म्हणतील". दुसऱ्या घरी फोडल्या नाहीत, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या सुनेला कोणी बोलावले नाही. तेव्हापासून आम्ही काहीजणी दर संक्रांतीला यादी करतो आणि अशा घरी बोलावणे द्यायला स्वतः जातो. काही सासवा दार उघडून म्हणतात, "ती नाही येणार." सून आतून ऐकत असते. आम्ही बसतो, चहा घेतो, सुनेलाच बाहेर बोलवायला सांगतो आणि बोलावणे तिच्या हाती देतो. यायचे की नाही हे तिने ठरवावे. गेल्या वर्षी दोघीजणी आल्या. एकीने कुंकू लावून घेतले, एकीने नको म्हटले, आणि तिळगूळ दोघींनी घेतला.